तिसऱ्या घंटेनंतर कॅमेरा हलू नये म्हणून

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने गणेशोत्सवात दोन अंकी नाटक बसवलं. इंग्लंडमधल्या एका शाळेचा हॉल, चार महिन्यांच्या रविवारच्या तालमी, आणि प्रयोग एकच. नाटकातल्या आजीचं काम करणाऱ्या बाई खरोखरच सत्तरीच्या पुढच्या होत्या. तरुणपणी त्यांनी राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली होती. मग लग्न, इंग्लंड, नोकरी, मुलं, आणि मधली चाळीसेक वर्षं रंगमंचाला पाय लागला नव्हता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्यांचं सहा मिनिटांचं स्वगत होतं. त्यांची धाकटी बहीण कोल्हापुरात असते, तिला इतका प्रवास झेपत नाही. त्यामुळे "अगं, रेकॉर्डिंग नीट कर हं" असं त्यांनी मला तीन वेळा बजावलं होतं.

प्रयोग रंगला. घरी येऊन लॅपटॉपवर स्वगत पाहिलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आजींचा चेहरा फ्रेमभर, डोळ्यांतलं पाणी दिसतंय, आणि सगळं चित्र होडीत बसून पाहिल्यासारखं हेलकावतंय. कुणी टाळी वाजवली की थरथर, कुणी पायऱ्यांवरून चाललं की हेलकावा. लाजिरवाणी गोष्ट अशी, की मी पोटापाण्यासाठी हेच करते. प्रयोगशाळेत लेझरचा किरण जागचा हलू नये, यासाठी कंपनं मोजणं आणि कमी करणं हे माझं रोजचं काम. मंडळातले एक काका म्हणालेच, "तू शास्त्रज्ञ ना गं?"

कंपनांबद्दल बोलताना पॉडकास्टमध्ये हा किस्सा ओझरता येऊन गेला. आज तो नीट सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या गळ्यात कधी ना कधी हे काम पडतं. बहिणीचं अरंगेत्रम असेल, मंडळाची एकांकिका असेल, मित्राची मैफल असेल. "तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे ना, मग तूच घे," असं म्हणतात आणि आपल्याला मागच्या रांगेत उभं करतात. प्रयोग एकदाच होतो, रीटेक नसतो.

दोष अंतराचा नाही, कोनाचा

लांब लेन्स लावली की चित्र जास्त का हलतं? "झूम केलंय म्हणून" हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसं नाही. सेमिनारमध्ये लेझर पॉइंटर धरला असेल तर आठवा. हात जेमतेम थरथरतो, पण समोरच्या पडद्यावर ठिपका नाचतो. हात सरकल्याने ठिपका नाचत नाही. मनगट किंचित वळतं, आणि तो छोटासा कोन पडद्यापर्यंत पोचेस्तोवर मोठा होतो.

आता आकडे पाहू. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. २४ मिमीची लेन्स त्यावर सुमारे ७४ अंशांचं दृश्य बसवते, तर २०० मिमीची लेन्स जेमतेम १० अंशांचं. फोर-के चित्राचे ३८४० पिक्सेल मात्र दोन्हीकडे तेवढेच. म्हणजे कॅमेरा ०.१ अंशाने वळला, तर २४ मिमीवर चित्र चार-पाच पिक्सेल सरकेल आणि २०० मिमीवर सुमारे ३७ पिक्सेल. ०.१ अंश म्हणजे किती? एक मीटर लांब काठीचं एक टोक घट्ट धरा आणि दुसरं पावणेदोन मिलिमीटर हलवा, एवढाच.

आता याची दुसरी बाजू पाहा. कॅमेरा वळला नाही, नुसता एक मिलिमीटर बाजूला सरकला तर? नट २० मीटरवर असेल, तर २०० मिमीच्या लेन्सवर चित्र साधारण एका पिक्सेलने सरकतं. ते कुणाला दिसणारही नाही. पण तोच एक मिलिमीटर ट्रायपॉडच्या एका पायाखाली आला, म्हणजे एकच पाय तेवढा उचलला गेला, तर कॅमेरा कलतो. दोन पायांमधलं अंतर एक मीटर धरलं, तर चित्र जवळजवळ २५ पिक्सेल सरकतं. हालचाल तीच, परिणाम पंचवीसपट.

पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. कॅमेरा सरकला तर फारसं बिघडत नाही. तो कलता किंवा वळता कामा नये. त्यामुळे प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं, की इथे कॅमेऱ्याला कोण कलवतंय? उत्तरं चारच असतात: जमीन, ट्रायपॉड, आपला हात आणि कधीकधी खुद्द कॅमेरा.

जमीन: जागा आधी, सामान नंतर

माझी पहिली चूक जागेची होती. त्या हॉलमध्ये भिंतीतून बाहेर ओढायच्या घडीच्या पायऱ्या होत्या, एकावर एक खुर्च्यांच्या रांगा असलेल्या. मी सगळ्यात वरच्या रांगेत कॅमेरा लावला, कारण तिथून कुणाचं डोकं मध्ये येत नव्हतं. पण अशा पायऱ्या म्हणजे चाकांवरचा लोखंडी सांगाडा आणि वर फळ्या. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो आणि प्रत्येक पावलाला फळी किंचित वाकते. सांगाडा जितका उंच, तितकं त्याचं वरचं टोक जास्त डोलतं.

झोक्यावर बसलेल्या मुलाला योग्य वेळी एकेका बोटाने ढकललं, तरी झोका उंच जातो. बांधकामाचंही तसंच असतं. प्रत्येकाची स्वतःची एक लय असते आणि पावलं त्या लयीशी जुळली की डोलणं वाढतं. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० ला उघडला आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी इतका डुलायला लागला, की दोनच दिवसांत बंद करावा लागला. डोलणं शोषून घेणारे डॅम्पर बसवून तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. आमच्या हॉलच्या पायऱ्या काही पडणार नव्हत्या. पण २०० मिमीच्या लेन्सला मिलिमीटरभर डोलणंही पुरतं, हे आपण वर पाहिलंच.

म्हणून जागा निवडताना हा क्रम ठेवा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे तळमजल्याची थेट जमिनीवर टेकलेली काँक्रीटची फरशी. ते जमत नसेल तर भिंतीलगत किंवा खांबाजवळ उभे राहा, कारण कुठलीही तरंगती जमीन दोन आधारांच्या बरोबर मध्ये सगळ्यात जास्त वाकते आणि आधाराजवळ सगळ्यात कमी. बाल्कनी असेल तर पुढच्या कठड्यापेक्षा मागच्या भिंतीजवळ. घडीच्या पायऱ्यांवर शक्यतो नकोच. लाकडी फळ्यांची जमीन असेल तर जाण्यायेण्याच्या वाटेपासून लांब. आणि कार्यक्रमात ढोल-ताशा किंवा लेझीम असेल तर दुप्पट काळजी घ्या, कारण तेव्हा प्रेक्षक एकाच ठेक्यावर पाय आपटतात.

जागा तपासायला उपकरण लागत नाही. कॅमेरा लावा, झूम पूर्ण करा, रंगमंचावरच्या एखाद्या सरळ कडेवर, दाराच्या चौकटीवर म्हणा, फ्रेम धरा आणि कॅमेऱ्याला हात न लावता रेकॉर्डिंग चालू ठेवा. मित्राला शेजारून चालायला सांगा, मग दोन उड्या मारायला सांगा. कड किती हलते आणि किती वेळाने शांत होते, ते पडद्यावर दिसतं. अशा तीन जागा पाहायला दहा मिनिटं पुरतात. हे रंगीत तालमीच्या दिवशी करा. प्रयोगाच्या दिवशी मोक्याच्या जागी कुणीतरी आधीच रुमाल टाकलेला असतो.

माझं शहाणपण आणि मऊ पॅड

दुसरी चूक जास्त बोचरी आहे, कारण ती अज्ञानातून झाली नाही, अर्धवट ज्ञानातून झाली. प्रयोगशाळेत आमची ऑप्टिकल टेबलं हवेच्या उशांवर तरंगतात, म्हणजे जमिनीची थरथर वर पोचत नाही. तोच विचार करून मी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली जाड मऊ रबराचे पॅड ठेवले. स्वतःवर खूश होते.

मऊ पॅड म्हणजे स्प्रिंग. स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूची झुलण्याची स्वतःची गती असते. खालून येणारा हादरा त्या गतीच्या साधारण १.४ पटीहून वेगवान असेल, तरच स्प्रिंग तो कमी करते. त्याहून खूप मंद असेल तर जसाच्या तसा वर पाठवते. आणि जवळपास तेवढाच असेल तर चक्क वाढवते. प्रयोगशाळेतलं टेबल शेकडो किलोंचं असतं आणि सेकंदाला एक-दोनदा झुलेल इतकं मंद ठेवलेलं असतं. ते पंख्यांच्या आणि मोटारींच्या वेगवान थरथरीपासून वाचवतं. पावलांचा हेलकावा सेकंदाला दोनदा, म्हणजे त्या टेबलालाही जड जाणारा. माझ्या चार-पाच किलोंच्या ट्रायपॉडखालचे पॅड तो काय अडवणार? उलट मी हँडलला हात लावला की सगळा डोलारा त्या पॅडवर डोलायचा आणि थांबायला वेळ घ्यायचा.

थोडक्यात, आधी जमीन पक्की बघा आणि ट्रायपॉडचे पाय तिच्यावर कडक टेकवा. फरशी गुळगुळीत असेल तर घसरू नयेत म्हणून पातळ रबर चालेल. फोम, उशा, योगा मॅट नको.

ट्रायपॉड आणि हात

ट्रायपॉड घेताना लोक उंची बघतात. बघायचं असतं ते पिळलं जाणं. वरचा भाग दोन्ही हातांनी धरून जरा पिळून बघा. वळवळला तर लांब लेन्सला तो उपयोगाचा नाही. पाय पूर्ण फाकवा. आधी वरचे जाड भाग उघडा, अगदी खालचे बारीक भाग शक्यतो मिटलेलेच ठेवा. मधला दांडा वर काढू नका, कारण तो वर काढला की तीन पायांवरचा ट्रायपॉड एका काठीवर येतो. मधल्या हुकाला बॅग अडकवायची तर ती जमिनीला टेकेल अशी अडकवा. लोंबकळती बॅग म्हणजे स्वतःच लावून घेतलेला लंबक.

लेन्स जड असेल तर तिच्या बुडाशी एक कडी येते, ट्रायपॉड कॉलर. ट्रायपॉडला कॅमेरा न जोडता ती कडी जोडा आणि पुढेमागे सरकवून तोल साधा. पकड ढिली केल्यावरही लेन्स पुढे झुकली नाही, मागे पडली नाही, म्हणजे तोल जमला. तोल नसला की आपला हात सतत लेन्सचं वजन पेलत राहतो, आणि हात म्हणजे थरथर. निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक कापत असतो. घाबरल्यावर जास्त.

फोटोसाठी बॉल हेड ठीक आहे, पण नाटकासाठी फ्लुइड हेड हवं. त्याच्या आत दाट द्रव असतो. हळू वळवलं तर तो सहज वळू देतो, झटका दिला तर अडवतो. हाताची वेगवान थरथर त्यात जिरते आणि सावकाश वळणं तेवढं कॅमेऱ्यापर्यंत पोचतं. त्याचा विरोध लेन्सच्या लांबीप्रमाणे वाढवा. हँडल मुठीत आवळू नका, दोन बोटांनी ढकला. कॅमेरामन लोकांची एक जुनी युक्ती आहे: हँडलच्या टोकाला रबर बँड अडकवायचा आणि हँडलऐवजी तो ओढायचा. रबर आधी ताणलं जातं, मग कॅमेरा अलगद निघतो. घरी करून बघा, फरक लगेच कळतो.

बाकीच्या गोष्टी सवयीच्या आहेत. रेकॉर्डिंग तिसऱ्या घंटेला सुरू करा आणि मध्ये थांबवू नका. बटण दाबण्याचाही हादरा बसतो. झूम आणि फोकस रिमोटने किंवा फोनवरच्या अॅपने जमत असेल तर उत्तम. वायरी लोंबू देऊ नका, थोडी ढील ठेवून ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने बांधा. पायांभोवती जमिनीवर ठळक रंगाची पट्टी लावा, कारण मध्यंतरात बटाटेवडा घेऊन येणारा माणूस अंधारात खाली बघत नाही. आणि हशा आला तरी ट्रायपॉडवर रेलून हसू नका. मी रेलले होते.

ट्रायपॉडला जागाच नसेल, तर मोनोपॉड खुर्चीच्या पायाला टेकवून धरा. फोन असेल तर त्याची टेलिफोटो लेन्स दिसायला इवलीशी असली, तरी कोनाचं गणित तेच; छोट्या ट्रायपॉडवर पकडीत बसवा आणि हात काढून घ्या.

स्टॅबिलायझर आणि नंतरची डागडुजी

"पण माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे!" आहे, आणि हातात कॅमेरा धरून घेताना ते वरदान आहे. त्यातला गायरो कॅमेरा किती वेगाने वळतोय ते मोजतो आणि लेन्सचा एक भाग, किंवा सेन्सर, उलट दिशेला सरकवला जातो. पण त्यालाही मर्यादा आहेत. २४ मिमीच्या लेन्सवर अर्ध्या अंशाची भरपाई करायला सेन्सर ०.२ मिमी सरकला की पुरतं. २०० मिमीवर त्याच अर्ध्या अंशासाठी पावणेदोन मिलिमीटर लागतात. त्यामुळे लांब लेन्सवर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन जास्त कामाचं.

दुसरी मर्यादा अशी, की आपण मुद्दाम कॅमेरा वळवतोय की चुकून हलतोय, हे त्याला नेमकं कळत नाही. नट विंगेकडे निघाला, तुम्ही त्याच्यामागे कॅमेरा फिरवला, की आधी चित्र अडून बसतं आणि मग उडी मारतं. पक्क्या ट्रायपॉडवर काही लेन्सेस उगाचच सावकाश तरंगतात. म्हणून ट्रायपॉडवर साधारणपणे ते बंद ठेवा, आणि जमीन हलतीच असेल तर चालू आणि बंद दोन्ही करून तालमीला तपासा. कॅमेरा फिरवण्यासाठी वेगळा मोड असेल तर तो वापरा.

मग सॉफ्टवेअर? मी तेही केलं. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम उचलून जागेवर बसवतं, त्यासाठी कडा कापतं, आणि चित्र स्थिर होतं. पण एका फ्रेमच्या आत जे फिसकटलंय, ते त्याला पुसता येत नाही. ब्रिटनमध्ये वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे फडफडताना दिसू नयेत यासाठी आपण शटर १/५० सेकंदावर ठेवतो. सेकंदाला दोनदा होणारा २५ पिक्सेलचा हेलकावा तेवढ्या वेळात जास्तीत जास्त तीन पिक्सेल फिसकटतो. पण तेवढीच थरथर हाताची असेल, सेकंदाला दहा वेळा, तर सुमारे पंधरा पिक्सेल. सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलेल्या चित्रात आजींचा चेहरा जागेवर थांबला होता, पण तो स्पष्ट-धूसर, स्पष्ट-धूसर होत होता. हेलकावा बराचसा गेला. माझ्या हाताची थरथर तशीच राहिली.

सगळ्यात स्वस्त उपाय

सगळ्यात मोठा फायदा ज्याने होतो, त्याला पैसे लागत नाहीत. जवळ जा. २० मीटरवरून २०० मिमीने जी फ्रेम मिळते, साधारण ३.६ मीटर रुंद, तीच १० मीटरवरून १०० मिमीने मिळते. चेहरा तेवढाच मोठा, पण त्याच हादऱ्याने चित्र निम्मंच सरकतं. त्यासाठी समितीशी आधी बोलावं लागतं: मधल्या रांगेच्या टोकाला, भिंतीलगत दोन खुर्च्या राखून ठेवा म्हणून. थोडं तिरकं दिसेल, पण प्रेक्षकांना अडचण होणार नाही. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात दोन खुर्च्या मागणं जड जातं, खरं आहे. मागा तरीही.

आणि जमलं तर दुसरा कॅमेरा पूर्ण रंगमंच दिसेल असा, छोट्या लेन्सने, कुणी हात न लावता चालू ठेवा. लांब लेन्सचं चित्र बिघडलं त्या क्षणी त्याच्यावर जाता येतं. माझ्याकडे तोही नव्हता.

गेल्या वर्षी मी हे सगळं केलं. तळमजला, भिंतीलगत, १० मीटर, पॅड घरी. लेझीमच्या वेळी फ्रेम किंचित थरथरली, नाटकात नाही. पण त्या नाटकात आजी नव्हत्या. त्या आधीच्या हिवाळ्यातच कायमच्या भारतात परतल्या, आणि "आता पुन्हा काम करायचं नाही" असं सांगून गेल्या.

डागडुजी केलेलं स्वगत मी त्यांना पाठवलं होतं, माफीच्या चार ओळींसकट. दोन दिवसांनी फोन आला. "अगं, बहिणीने दोनदा पाहिलं. म्हणाली, चित्र जरा हलतं, पण आवाज तुझाच आहे." आवाज रंगमंचाजवळच्या वेगळ्या मायक्रोफोनवर घेतला होता, तेवढं नशीब.

यंदाची रंगीत तालीम पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी मी अर्धा तास आधी पोचणार आहे, आणि उड्या मारायला एका पोस्टडॉक मित्राला घेऊन जाणार आहे.